मदत हवी आहे: 1:72 'मेम्फिस बेल'च्या नाकावरचं चित्र हाताने कसं रंगवायचं?

नमस्कार मंडळी, इथे स्केल मॉडेलवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. सध्या बी-17एफ करतोय, 'मेम्फिस बेल', दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बर, 1:72 म्हणजे खऱ्याच्या 72 पट लहान. किट जुनं आहे, मोठ्या भावाने कधीतरी घेऊन माळ्यावर टाकलेलं. प्लास्टिक ठणठणीत आहे, जोडून झालंय, वरून ऑलिव्ह ड्रॅब (मळकट हिरवा) आणि पोटाला न्यूट्रल ग्रे मारून वर ग्लॉस कोट पण झालाय. अडलंय ते डिकलवर, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील चित्रांवर. शीट पिवळी पडलीय आणि ज्या चित्रासाठी मी हे विमान करायला घेतलं तेच हातचं जातंय असं दिसतंय.

कोपऱ्यातला एक बिनकामाचा आकडा कापून कोमट पाण्यात टाकून बघितला. कागदावरून सुटला नीट, पण चिमट्याने उचलला तसे त्याचे तुकडेच झाले. म्हणजे पिवळेपणा खिडकीला चिकटवून उन्हाने जाईलही, पण आधी वरून क्लिअर लॅकरचा हात दिल्याशिवाय शीट पाण्यात घालण्यात अर्थ नाही. हे कोणी केलंय का? लॅकर आधी की ऊन आधी?

आता खरी अडचण. शीटवर नाकाच्या दोन्ही बाजूंच्या चित्रातली बाई लाल स्विमसूटमध्ये छापलीय. खऱ्या विमानावर डाव्या बाजूला निळा होता आणि उजव्या बाजूला लाल. त्यामुळे डिकल वाचले तरी डावी बाजू मला रंगवावीच लागणार, आणि मग वाटतं की दोन्ही हातानेच का करू नये. मुळात ते चित्र हातानेच काढलेलं ना. इंग्लंडात बॅसिंगबोर्नला 91वा बॉम्ब ग्रुप होता, त्यातल्याच टोनी स्टार्सरने ते काढलं, 'एस्क्वायर' मासिकात आलेल्या जॉर्ज पेटीच्या फोनवर बोलणाऱ्या बाईवरून. नाव पायलट रॉबर्ट मॉर्गनच्या मैत्रिणीवरून, मार्गारेट पोल्क, राहणार मेम्फिस. स्टार्सरने त्या ग्रुपच्या शंभराहून जास्त विमानांवर चित्रं काढली आणि त्यातली बहुतेक विमानं एकतर पडली नाहीतर युद्धानंतर भट्टीत वितळली, चित्रांसकट. मला याचं फार वाईट वाटतं. आर्कान्सात वॉलनट रिजला भंगारात आलेल्या काही बॉम्बरच्या नाकाचे पत्रे चित्रासकट कापून ठेवले गेले म्हणून निदान तेवढे तरी आज बघायला मिळतात. बेल वाचली कारण 1946 मध्ये मेम्फिसच्या महापौरांनी ती 350 डॉलरला शहरासाठी घेतली, नंतर कित्येक वर्षं उघड्यावर ऊनपाऊस खात उभी होती ती गोष्ट वेगळी.

तर प्रश्न असे. 1:72 मध्ये ही बाई एवढीशी येते की चेहऱ्यात डोळे दाखवायचेच नाहीत असं ठरवलंय, नुसती केसांची कड आणि हनुवटीखाली सावली. तरी त्वचेचा रंग ऑलिव्ह ड्रॅबवर थेट लावला तर मळकट दिसतो, भंगार पंखावर करून बघितलंय. खाली पांढरा द्यावा तर दोन थरांची जाडी होते आणि कडा उठून दिसते. पांढऱ्याऐवजी फिकट क्रीम पातळ करून दिला तर चालेल का? की विमानावर रंगवूच नये, कोऱ्या पारदर्शक डिकल पेपरवर चित्र करावं आणि जमलं तरच चिकटवावं? मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो, पण त्यावर अ‍ॅक्रिलिक धरतं की एनॅमलच वापरावं लागतं हे ज्याने केलंय त्याने सांगावं. ब्रश तीन शून्याचा आहे, त्याहून बारीक घेतला तर रंग टोकावरच वाळतो.

बाकी खुणांचं जमेल. मे 1943 ची बेल करतोय, 25 मोहिमा पूर्ण झाल्या तेव्हाची, त्यामुळे मोहिमेला एक असे 25 बॉम्ब काढायचे आणि अमेरिकन विमानांवरच्या चांदणीला बाजूच्या पट्ट्या नकोत, त्या जूनच्या शेवटी आल्या. तशा चांदण्या दुसऱ्या किटमधून उरल्यात.

अजून एक, ओहायोत किंवा आसपास राहणारं कोणी आहे का इथे? विमान मे 2018 पासून डेटनच्या एअर फोर्स म्युझियममध्ये मांडलंय, प्रवेश फुकट आहे. नेटवर डाव्या बाजूचे फोटो ढिगाने आहेत पण उजव्या बाजूचा समोरून सरळ घेतलेला, ज्यात लाल सूट, हाताची ठेवण आणि नावाची अक्षरं खिडक्यांच्या मानाने कुठे येतात हे मोजता येईल, असा एकही मला सापडला नाही. कोणाकडे असेल तर मूळ साईजमध्ये टाका प्लीज, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नको, त्यात कडा फुटतात.

संपादन: विचारण्याआधीच सांगतो, नवीन डिकल शीट मागवायचा सल्ला नको. मिळते, माहीत आहे. रंगवायचंच आहे.