वालुकाश्म वाऱ्याने साचलेला की समुद्रात? थिन सेक्शन वाचायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ड्रिल कोअरमधल्या (जमिनीत भोक पाडून काढलेल्या दगडाच्या बारीक दंडगोलातल्या) एका वालुकाश्माचं निक्षेपण कुठे झालं, हे ठरवताना अडकलो आहे. मूळ थर उघड्यावर कुठेच दिसत नाही, त्यामुळे भिस्त सगळी थिन सेक्शनवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या दगडाच्या पातळ कापावर.

कण बहुतेक ०.२५ ते ०.५ मिमीचे, म्हणजे मध्यम वाळू. जवळजवळ सगळं क्वार्ट्झच. कण छान गोल आणि आकाराने एकसारखे. अभ्रक शोधूनही सापडत नाही. एवढंच असतं तर वाळवंटी टेकड्यांची वाळू म्हणून मोकळा झालो असतो, कारण वाऱ्यात कण एकमेकांवर आपटून गोल होतात आणि अभ्रकाच्या पातळ चकत्या टिकत नाहीत.

पण मधूनमधून ग्लॉकोनाइट या खनिजाचे हिरवे दाणे आहेत! ते तयार होतं समुद्रतळावर, गाळ अगदी सावकाश साचत असताना.

मला वाटतं, टेकड्यांची वाळू समुद्र आत शिरल्यावर लाटांनी पुन्हा पसरवली असावी. गोलाई मागच्या जन्माची, ग्लॉकोनाइट या जन्माचं. उलटंही शक्य आहे: जुना सागरी थर झिजून ग्लॉकोनाइट वाऱ्याबरोबर आलं असेल. मात्र ते मऊ असतं, आणि उघड्यावर हवापाण्याने तपकिरी पडू लागतं. माझे दाणे हिरवेगार आहेत, म्हणून ही शक्यता मला कमी वाटते. खटकतं ते एवढंच की त्यांचा आकार क्वार्ट्झच्या कणांइतकाच आहे, म्हणजे थोडं तरी वाहून आले असणार.

नुसत्या गोलाईवर निकाल द्यायला मन धजत नाही. क्वार्ट्झ इतकं चिवट की एका वालुकाश्मातून सुटून दुसऱ्यात जातं आणि जुनी गोलाई सोबत नेतं. त्यात कणांभोवती सिलिकाची नवी वाढ आहे. मूळ कड धुळीच्या बारीक रेषेवरूनच ओळखायची, आणि काही कणांत तीही नाही. जड खनिजांत झिरकॉन, टुर्मलीन, रुटाइल ही चिवट तीनच. यावरून वाळू बरीच झिजलेली आहे हे कळतं, शेवटी कुठे साचली ते नाही.

कोअरमध्ये तिरके थर आहेत, पण ते टेकडीचे की पाण्याखालच्या वाळूचे, हे एवढ्याशा रुंदीत कळत नाही.

ग्लॉकोनाइट जागीच बनलं की जवळून वाहून आलं, हे तुम्ही थिन सेक्शनमध्ये कशावरून ठरवता? दाण्यांच्या कडेच्या भेगा कितपत विश्वासार्ह? आणि नवी वाढ वगळून मूळ गोलाई मोजायला कॅथोडोल्युमिनेसन्स (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने खनिजं चमकवून बघणं) केलेलं कुणी असेल तर कृपया अनुभव लिहा.