पोरगं नाडी बांधायला लागलं, स्कोअर मात्र तिथेच. मग टेस्ट मोजते तरी काय?

ठाण्याची आई
मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत. पहिलीत असताना टीचरनी लिखाणावरून तक्रार केली म्हणून ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी लावली. सेंटरचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. सुरुवातीला बीओटी-२ केली, मुलांच्या हाताची आणि हालचालींची टेस्ट. रिपोर्ट ११ पानी, त्यात फाइन मोटरच्या, म्हणजे बोटांच्या बारीक कामाच्या रकान्यात ३७, पर्सेंटाइल १०. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, शंभरात दहा? म्हणजे नापासच की! रात्री सासूबाईंना फोन, त्यांचा मला फोन, दोन दिवस घरात सुतक.

मग आठ महिने आठवड्यातून दोनदा रिक्षा करून नेलं. परवा परत तीच टेस्ट. स्कोअर ३८, पर्सेंटाइल १२. म्हणजे एवढे पैसे आणि एवढे शनिवार घालवून एक पॉइंट?? पण घरात बघते तर हाच मुलगा पायजम्याची नाडी स्वतः बांधतो, शर्टाचं गळ्याचं बटण सोडून सगळी बटणं लावतो, आणि आजीशेजारी बसून मटार सोलतो. आधी शेंग मुठीत धरून चिरडायचा, निम्मे दाणे फरशीवर. आता शिवणीवर अंगठ्याचं नख लावून शेंग उघडतो आणि दाणे अंगठ्याने सारत वाटीत पाडतो. हे ११ पानांत कुठेच नाही. त्यात काय आहे, तर नाणी पटापट डब्यात टाकली का, ठोकळे दोरीत ओवले का, आणि तुलना अमेरिकेतल्या पोरांशी.

माझं स्पष्ट मत, या टेस्ट आपल्या मुलांवर करणं बंद करा. फी आणि ताप दोन्ही वाचतील.

ओटी बारा वर्षं
ताई, राग समजतो पण "बंद करा" हे पटलं नाही.

पहिलं म्हणजे पर्सेंटाइल १० हे मार्क नाहीत. त्याच्या वयाच्या शंभर मुलांची रांग लावली तर साधारण दहा त्याच्या मागे, बाकीची पुढे, इतकाच अर्थ. हे तुम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही ही चूक सेंटरची.

दुसरं, ३७ चे ३८ झाले म्हणजे मुलगा तिथेच राहिला असं नाही. या स्कोअरमध्ये सरासरी ५० धरतात आणि तुलना दर वेळी त्या त्या वयाच्या मुलांशी होते. दिंडीत सगळेच चालत असतात ना, तुमचा मुलगा आठ महिने चालला आणि बाकीचेही चालले, म्हणून रांगेतली जागा साधारण तीच दिसते. प्रगती बघायची तर कच्चा स्कोअर बघा, म्हणजे नाणी आधी किती टाकली आणि आता किती. तो वाढलेला असणार, पैजेवर सांगतो. रिपोर्टमध्ये दिला नसेल तर मागून घ्या, हक्क आहे तुमचा.

आणि टेस्ट नसती तर? थेरपिस्ट दर महिन्याला "छान चाललंय हं" म्हणणार आणि तुम्ही पैसे देत राहणार. आकडा असल्यामुळेच तुम्ही आज जाब विचारताय.

शिरोरेखा
मी पण ओटीच, म्हणजे थेरपिस्ट, पण वरच्यांशी अजिबात सहमत नाही. दिंडीचं उदाहरण गोड आहे, पण मुळात ही दिंडी कोणाची? नॉर्म्स, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ते आकडे, अमेरिकेतल्या मुलांवरून काढलेत. एमएबीसी-२ ही तशीच दुसरी टेस्ट घेतली तर ब्रिटनमधल्या. आणि आपल्याकडे टेस्ट होते कशी ते मी डोळ्यांनी बघितलंय: फॉर्म झेरॉक्सचा झेरॉक्स, आकृत्यांच्या रेषा पुसट, किटमधली दोरी हरवली म्हणून चपलेची लेस, सूचना आपल्या मनाने मराठीत आणि मध्येच "अरे असं नको, नीट धर की". मदत केली की ती टेस्ट उरत नाही. नॉर्म्स परक्यांचे आणि पद्धत घरगुती, मग त्यात स्टँडर्ड ते काय राहिलं? आणि रिपोर्टात मात्र एका पॉइंटपर्यंत अचूक आकडा.

लिखाणाचं तर विचारूच नका. इंग्रजी अक्षरांसाठी हँडरायटिंगच्या टेस्ट आहेत. मराठी शाळेतलं पोरगं अडतं कुठे, तर क ची वाटी दांड्याला चिकटवताना, ळ चे दोन गोल जोडताना, वेलांटी कुठल्या बाजूने आणायची त्यात. माझ्याकडे एक मुलगी यायची, ती आधी पानभर शिरोरेघा मारायची आणि मग त्यांना अक्षरं टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. शब्द रेघेत मावला नाही की रडायची. बीरी नावाच्या टेस्टमध्ये तिचा स्कोअर नॉर्मल! कारण बीरीत गोल, चौकोन, त्रिकोण बघून काढायचे असतात, ते ती झकास काढायची. तीन आठवडे "आधी अक्षर, मग टोपी" एवढंच केलं.

ओटी बारा वर्षं
@शिरोरेखा अहो मग बीरी नॉर्मल आली म्हणूनच तर कळलं ना की नजर आणि हात यांचा मेळ ठीक आहे, घोटाळा लिहिण्याच्या सवयीत आहे. टेस्टने एक दार बंद करून दिलं, म्हणून तुम्ही थेट दुसऱ्या दारात गेलात. नाहीतर सहा महिने मणी ओवत बसली असती.
झेरॉक्सबद्दल मात्र मान्य. लाज वाटण्यासारखं आहे ते.

शिरोरेखा
हं. त्या मुलीपुरतं मान्य. पण ते मला दोन शब्द लिहून घेतल्यावरही कळलं असतं.

न्यूजर्सीकर
इकडची बाजू सांगतो. माझ्या लेकीची शाळेतर्फे टेस्ट झाली तेव्हा ती साडेचार वर्षांची. कात्रीमध्ये झीरो! कारण घरी आम्ही कधी कात्री हातातच दिली नव्हती, बोट कापेल म्हणून. पण तीच लेक आजीबरोबर छोट्या लाटण्याने पोळी लाटायची, नकाशा व्हायचा ती गोष्ट वेगळी. बायकोने लाटण्याचा व्हिडिओ नेऊन दाखवला, त्यांच्या ओटीने शांतपणे बघितला आणि नोटमध्ये लिहूनही घेतला.

इथल्या कायद्यात, म्हणजे अपंग मुलांच्या शिक्षणाचा आयडिया नावाचा जो कायदा आहे त्यात, स्पष्ट आहे की एकाच टेस्टवरून मुलाचा निकाल लावायचा नाही आणि शक्य तिथे मुलाच्या भाषेतच तपासायचं. म्हणजे ज्यांच्या मुलांवरून नॉर्म्स काढले त्यांनाच एका आकड्यावर भरवसा नाही, आणि आपण तो देव्हाऱ्यात ठेवून बसलोय.

पण ठाण्याच्या ताई, तो आकडा नसता तर माझ्या लेकीला शाळेत ओटी मिळाली नसती हेही खरं. "पोळी लाटते पण कात्री येत नाही" यावर कोण काय मंजूर करणार होतं?

नाशिकची आई
आकड्यावर काय काय अडतं ते आम्हाला विचारा. मुलाला ऑटिझम आहे, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी इसा ही ऑटिझमची टेस्ट केली, ती आपल्याकडचीच, भारतात बनलेली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५, म्हणजे कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. ७० च्या खाली आलात की ऑटिझम नाही. एक आई बाहेर बाकड्यावर भेटली, तिच्या मुलाचे ६८. ती मला विचारते, दोन मार्क कुठून आणू. मुलगा आजारी नाही हे ऐकून रडणारी आई मी पहिल्यांदा बघितली, तिला काय सांगणार. ही टेस्ट ओटीची नव्हे माहितीये, विषय तोच म्हणून लिहिलं.

आकडेमोड्या
"भारतीय नॉर्म्स नाहीतच" असं कोणी म्हणायच्या आत सांगतो, डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात आपल्या बाळांवर काम करून स्केल उभी केली, डासी म्हणतात तिला, ६७ मोटर आणि १६३ मेंटल आयटम. व्हाइनलँड या मुलांची सामाजिक समज मोजणाऱ्या स्केलचं भारतीय रूप मालिन यांनी नागपुरात केलं. म्हणजे करता येतं. पण डासी ३० महिन्यांना संपते आणि पहिलीतल्या पोराच्या पेन्सिलला तिचा उपयोग शून्य. दुसरीतल्या मराठी मुलांच्या हाताचे नॉर्म्स काढायचे तर हजारभर मुलं, शहर खेडं पाडा सगळीकडची, आणि बसून मोजणारी माणसं लागणार. केईएममध्ये ओटीची शाळा १९५० ला सुरू झाली, म्हणजे पाऊणशे वर्षं झाली, एवढं काम व्हायला हवं होतं राव.

बाय द वे ३७ आणि ३८ मधला फरक हा फरकच नाही. प्रत्येक स्कोअरच्या दोन्ही बाजूंना मोजण्यातली चूक धरून एक पट्टा असतो, मॅन्युअलमध्ये टेबल दिलेलं असतं. एका पॉइंटवर "सुधारला" पण म्हणता येत नाही आणि "सुधारला नाही" पण.

ठाण्याची आई
@आकडेमोड्या मग याच ३८ वर बोट ठेवून अजून सहा महिने या असं सेंटरने कसं सांगितलं??

आकडेमोड्या
ते सेंटरला विचारा 😅

शिरोरेखा
ताई, सीओपीएम म्हणून एक प्रकार आहे, कॅनडाचा. त्यात तुम्ही आणि मुलगा मिळून ठरवता की काय जमायला हवं. नाडी, डबा उघडणं, फळ्यावरून वहीत उतरवणं, काहीही. प्रत्येकाला १ ते १० मध्ये मार्क, किती जमतं आणि त्यावर समाधान किती. काही महिन्यांनी परत. दोन पॉइंट वाढले तर फरक पडला असं धरतात. मटार सोलणं यात लिहिता येतं. बीओटीत जन्मात येणार नाही.

ओटी बारा वर्षं
आणि पालक खूश असले की आठ, त्या दिवशी भांडण झालं असेल तर चार 🙂 मी दोन्ही वापरतो. पण नुसत्या सीओपीएमवर शाळा ऐकत नाही, अनुभव आहे.
ताई, सहा महिने वाढवायचे का हे मात्र आकड्यावर ठरवू नका. आता काय अडतंय ते सांगा.

ठाण्याची आई
अडतंय म्हणजे फळ्यावरून उतरवताना मागे पडतो, आणि गळ्याचं बटण. बाकी काही नाही.
शनिवारी जाते आहे, दोन्ही वेळचे कच्चे स्कोअर मागते. आणि लेस खरी होती की चपलेची तेही बघते.