मदत हवी आहे: माझे अँटेनाचे पेपर तीन नावांत विखुरलेत, एकत्र कसे करू?

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका सायन्स कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, काम मायक्रोस्ट्रिप अँटेनावर (सर्किट बोर्डवर छापलेला सपाट अँटेना). प्रमोशनची फाइल पंधरा दिवसांत द्यायची आहे आणि गाडी प्रकाशनांच्या यादीपाशी अडली आहे.

पहिले ५ पेपर माहेरच्या आडनावाने छापले, पुढचे ४ सासरच्या. मधल्या २ पेपरांत वडिलांचं नावच आडनाव म्हणून गेलं, प्रूफ बघताना माझ्याच लक्षात आलं नाही. आता कॉलेज ज्या डेटाबेसचे आकडे मागतं, तिथे मी तीन बाया आहे. पहिलीच्या पेपरांची सायटेशन्स (इतरांनी दिलेले संदर्भ) ६, ४, १, १, ०. दुसरीची ५, ३, २, ०. तिसरीला कोणी विचारलेलंच नाही. एच-इंडेक्स (किमान २ सायटेशन्सचे २ पेपर तर २, किमान ३ चे ३ तर ३) दोघींचा २-२. फाइलमध्ये काय लिहू? बेरीज करून ४ लिहिलं तर चालेल का?

दुसरीकडे फुकटातली एक प्रोफाइल आहे. तिथे ‘नवे लेख आपोआप जोडा’ हा पर्याय मीच चालू ठेवला होता, तर यादीत ३१ पेपर! जास्तीचे २० माझ्या नामसाधर्म्याच्या एका कीटकशास्त्रज्ञांचे. त्यांचाही विषय अँटेनाच, पण झुरळाचे. मिशा म्हणा ना सरळ. आमच्या एचओडींनी यादी वाचून विचारलं, “मॅडम, हे झुरळ किती गिगाहर्ट्झला रेझोनेट होते?” कूलरच्या घरघरीवरून स्टाफरूमचं हसणं ऐकू येत होतं.

पण खरी डोकेदुखी तिसरी. २.४५ गिगाहर्ट्झचा साधा पॅच (अँटेनाचा तांब्याचा चौकोन), १.६ मिलिमीटर जाडीच्या एफआर-फोर या नेहमीच्या सर्किट बोर्डवर, २९ बाय ३८ मिलिमीटर. कॉन्फरन्सच्या पेपरात फक्त सिम्युलेशन होतं. नंतर सीताबर्डीच्या बाजारातून तांब्याचा थर असलेला बोर्ड आणला, फेरिक क्लोराइडमध्ये नको असलेलं तांबं विरघळवलं (ओढणीवरचा तो पिवळट डाग अजून आहे) आणि दुसऱ्या एका संस्थेत नेटवर्क अॅनलायझरवर दोन तास मागून घेतले. एस-वन-वनचा (अँटेनाकडून परत येणाऱ्या सिग्नलचा) खड्डा, म्हणजे अँटेना जिथे रेझोनेट होतो ती जागा, २.४५ ऐवजी २.३८ ला! कॅलिब्रेशन पुन्हा केलं, कनेक्टरचं सोल्डरिंग पुन्हा केलं, तरी २.३८. घरी येऊन सिम्युलेशनमध्ये बोर्डच्या मटेरियलचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४.४ चा ४.६६ केला, तर दोन्ही वक्र एकमेकांवर बसले. जर्नलचा पेपर त्यावरच उभा आहे. मात्र अँटेनाची आकृती दोन्हीकडे तीच, म्हणून समितीतले एक सर म्हणून राहिले की हा एकच पेपर दोनदा दाखवलाय. खरंच तसं आहे का? जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी_सर्किट:
ताई, एच-इंडेक्सची बेरीज नका करू. सगळे आकडे एका ओळीत उतरत्या क्रमाने लावा: ६, ५, ४, ३, २, १, १. तिसऱ्या पेपरला ४ आहेत, चौथ्याला ३च. म्हणजे तुमचा एच ३. हर्शने २००५ मध्ये काढलेली ही युक्ती आहे, तिच्यात बेरीज बसत नाही.

आधी ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) काढा. १६ अंकी, फुकट. ‘इतर नावं’ म्हणून रकाना असतो, तिथे तिन्ही नावं टाका. मग डेटाबेसकडे प्रोफाइल एकत्र करायची विनंती, सोबत प्रत्येक पेपरचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक). निकाल यायच्या आत फाइल द्यायची वेळ आली तर तिन्ही प्रोफाइलच्या प्रिंट जोडा आणि वर हिशेब हाताने लिहा. झुरळं मात्र आजच हाकला, आणि ते ‘आपोआप’ बंद करा.

अंबाझरीकाठी:
कॉन्फरन्सचा पेपर वाढवून जर्नलला देणं आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियमांत बसतं. अट ही की आधीच्या पेपरचा संदर्भ द्यायचा आणि नवीन काय ते सांगायचं. तुमच्याकडे तर मोजमापच नवीन आहे. जर्नलच्या संदर्भसूचीत कॉन्फरन्सचा पेपर आहे का, ते आधी बघा. नसेल तर सर बरोबर बोलून राहिले.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत ‘एकदाच’ हा शब्द आहे खरा, पण तो शब्द कॉन्फरन्समध्ये वाचलेला पेपर तिच्या छापील संग्रहातही (प्रोसीडिंग) आला तर त्याबद्दल. सरांनी तेच इथे लावलं असेल.

वऱ्हाडी_सर्किट:
नियम काही म्हणो, मी असतो तर दोन्ही यादीत दाखवले असते, जर्नलखाली ‘विस्तारित रूप’ लिहिलं असतं आणि प्रमोशनचे गुण जर्नलचेच मागितले असते. एका पेपरासाठी समितीशी वाद कशाला?

अंबाझरीकाठी:
भाऊ, दोन तास मागून मोजमाप केलंय त्यांनी. का सोडायचे गुण?

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. जर्नल काढून बघितलं: संदर्भ क्रमांक ७, माझाच कॉन्फरन्स पेपर. प्रस्तावनेत ‘इथे प्रत्यक्ष मोजमाप जोडले आहे’ असं वाक्यही सापडलं. मीच लिहिलेलं, मीच विसरले. उद्या सरांना ते पान दाखवते. गुण मागणार आहे, वऱ्हाडी_सर्किट रागावू नका.

झुरळं गेली, ११ उरले. ऑर्किडही झालं. आता एकच: तीन लेखकांच्या पेपरात पहिल्या किंवा कॉरस्पॉन्डिंग लेखकाला (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) ७० टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०, असं नियमांत वाचलं. माझ्या एका पेपरात पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे आणि कॉरस्पॉन्डिंग मी. कोणाच्या कॉलेजात असं प्रकरण आलंय का? तुमच्या समितीने ७० कोणाला दिले?