भूमध्य समुद्रातील बेटांची सहकुटुंब क्रूझ: आईच्या गुडघ्याला झेपेल असा मार्ग कोणता?

देवगडकर_ठाणे (मूळ प्रश्न)

नमस्कार. पुढच्या मे महिन्यात, मुलांना सुट्टी असताना, भूमध्य समुद्रातील बेटांची सात रात्रींची क्रूझ करावी असे आमच्या घरात ठरत आले आहे. आम्ही पती-पत्नी, १४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि माझे आई-वडील असे सहा जण आहोत. आई ७४ वर्षांची असून दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर ती अर्धा-पाऊण तास व्यवस्थित चालते, परंतु जिना दिसला की तिचा चेहरा उतरतो. वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, मात्र ऐकू कमी येते. दोघेही शाकाहारी आहेत आणि वडील अंडेही खात नाहीत.

मुलीने वर्षभर ग्रीक पुराणकथांचा फडशा पाडला असल्यामुळे तिला सँटोरिनी आणि क्रीट हवे आहे. आमच्या प्रवास एजंटाने दोन मार्ग सुचवले आहेत. एक अथेन्सहून निघून मिकोनोस, तुर्कस्तानातील कुशादासी, ऱ्होड्स, क्रीट आणि सँटोरिनी असा आहे, तर दुसरा इटलीहून निघून सिसिली, माल्टा आणि स्पेनकडे जाणारा आहे. ‘बेटे सगळी सारखीच, दर पाहून ठरवा,’ असे त्याचे म्हणणे आहे. ते मला पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. ज्येष्ठांना घेऊन कोणी गेले असल्यास मार्ग, व्हिसा, जेवण आणि जाहिरातीत न दिसणारा खर्च यांविषयी कृपया सविस्तर लिहावे.

पर्वतीपायथा (पुणे)

एजंटाचे ‘सगळी सारखीच’ हे वाक्य आपण मनावर घेतले नाही, हे उत्तम झाले. आपल्यासारख्या कुटुंबाने पहिला प्रश्न असा विचारावा की, त्या त्या बेटावर बोट धक्क्याला लागते, की खोल पाण्यात उभी राहून प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर सोडते? धक्का असेल तर रुंद, कठडे असलेल्या उतारावरून आजी काठी टेकत सावकाश उतरतात. होडी असेल तर हेलकावणाऱ्या बोटीतून हेलकावणाऱ्या होडीत पाय टाकावा लागतो. घारापुरीच्या लाँचमधून उतरताना जी कसरत होते तीच इथे, आणि जाताना-येताना मिळून चार वेळा. खलाशी दोन्ही दंड धरतात हे खरे, पण समुद्र खवळलेला असल्यास चालण्यास त्रास असलेल्या प्रवाशाला ते होडीत घेत नाहीत, आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

आम्ही २०२३ च्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्यांचे वय तेव्हा ७० होते आणि हातात काठी होती. आमचा मार्ग जेनोआ, नेपल्स, मेसिना (सिसिली), व्हॅलेटा (माल्टा), बार्सिलोना आणि मार्सेय असा होता. या सर्व ठिकाणी बोट धक्क्याला लागली. त्यांतील बेटे दोनच, सिसिली आणि माल्टा, पण त्या दोन दिवसांतच आमचे पैसे वसूल झाले.

मेसिनात बोट जवळपास शहरातच उभी राहते आणि तिथून मुख्य चर्च चालत काही मिनिटांवर आहे. १९०८ च्या भूकंपात हे शहर जमीनदोस्त झाले आणि नंतर नव्याने बांधताना रस्ते रुंद व सरळ ठेवले गेले, त्याचा फायदा ज्येष्ठांना आजही होतो. चर्चच्या मनोऱ्यावर १९३३ मध्ये बसवलेले यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बाराला त्यावरचा सोनेरी सिंह गर्जना करतो, कोंबडा आरवतो, आणि खालच्या कप्प्यांतील पुतळे एकामागून एक सरकू लागतात. आपल्या ९ वर्षांच्या मुलासाठी एवढे पुरेसे आहे. मात्र पावणेबारालाच चौकात जाऊन सावलीतली जागा धरावी.

व्हॅलेटात बोट बंदरात शिरते, त्या वेळी सर्वांना उठवून वरच्या डेकवर न्यावे. दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाच्या दगडाची तटबंदी सरकत असते, आणि १५६५ च्या वेढ्यात उस्मानी सैन्याला इथे का यश आले नाही, हे पुस्तकाशिवाय समजते. शहर उंचावर आहे, त्यामुळे पहिल्या नजरेत आपल्या आईंना धडकी भरेल. परंतु तटाच्या पायथ्याशी सुमारे ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. ती थेट वरच्या बागेत सोडते आणि पुढचा मुख्य रस्ता बराचसा सपाट आहे. सेंट जॉनच्या चर्चमध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याचे १६०८ मधील भव्य चित्र आहे. सासूबाई त्यासमोरच्या बाकावर अर्धा तास बसून होत्या, आम्ही मात्र ‘चला, चला’ करत होतो, याची मला आता थोडी लाज वाटते.

जेवणाचा प्रश्न बोटीवर येत नाही. शाकाहारी व जैन जेवण आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला पुन्हा आठवण द्यावी. चीजच्या बाबतीत काटेकोर असाल तर लक्षात ठेवा की परमेसान आणि पेकोरिनोसारख्या पारंपरिक इटालियन चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील विकर वापरतात. किनाऱ्यावर माल्टात वाटाण्याचे सारण भरलेली ‘पास्तिझी’ मिळते. सिसिलीत, विशेषतः पालेर्मोत, ‘पानेल्ले’ मिळतात. बेसन पाण्यात शिजवून घट्ट करायचे, थापायचे, कापायचे आणि तळायचे, म्हणजे आपली पाटवडीच, फक्त फोडणीविना. ती खाल्ल्यावर सासूबाईंनी ‘यात हिंग विसरले’ एवढाच अभिप्राय दिला.

खर्चाचे म्हणाल तर जाहिरातीतील दर दोघांच्या केबिनमधील एका व्यक्तीचा असतो. त्यावर बंदरशुल्क, दर माणशी दर दिवसाचे सेवाशुल्क, पेये, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली असे थर चढतात. बोट समुद्रात असताना मोबाइल उपग्रहाच्या नेटवर्कला जोडला जातो आणि साधे युरोपीय रोमिंग पॅक तिथे लागू होत नाही, म्हणून केबिनमध्ये पाऊल टाकताच सर्वांचे फोन विमान-मोडवर टाकावेत. केबिन बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, म्हणजे बोट लागण्याचा त्रास कमी होतो. वडिलांना कमी ऐकू येते हे स्वागतकक्षात आधीच सांगावे. सुटण्यापूर्वीची सुरक्षा-कवायत सर्वांना सक्तीची असते आणि पुष्कळशा सूचना ध्वनिक्षेपकावरूनच होतात.

एक चूक मात्र आमच्यासारखी करू नका. आम्ही बोट सुटायच्या दिवशीच सकाळी विमानाने पोहोचलो आणि दोन बॅगा मागेच राहिल्या. त्या तिसऱ्या दिवशी मिळाल्या, तोपर्यंत सासरे माझे टी-शर्ट घालून औपचारिक भोजनाला बसत होते. आदल्या दिवशी पोहोचणे हाच उपाय. शिवाय माहितीपत्रकातले ‘रोम’ म्हणजे प्रत्यक्षात चिवितावेक्किया हे बंदर असते आणि ते रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे, तेव्हा बंदराचे खरे नाव पाहूनच विमानाची तिकिटे काढावीत.

उत्तरवारा (म्युनिक)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. ग्रीक मार्गाविषयी थोडी भर घालतो, कारण आम्ही तो दोनदा केला आहे.

सँटोरिनी हे बुडालेल्या ज्वालामुखीचे कडे आहे. आतला समुद्र शेकडो मीटर खोल असल्याने मोठ्या बोटींसाठी तिथे धक्का नाही. क्रूझचे प्रवासी होड्यांतून फिरा गावाच्या खालच्या जुन्या बंदरात उतरतात. तिथून वर जायला तीन मार्ग आहेत: केबल कार, सुमारे ५८८ पायऱ्या किंवा त्याच पायऱ्यांवरून चालणारी खेचरे व गाढवे. आपल्या आईंसाठी केबल कार हाच एक पर्याय. प्रवास तीनेक मिनिटांचा असतो, पण दोन-तीन बोटी एकाच वेळी आल्या की रांग तासाच्या पुढे जाते आणि परतताना तीच रांग उन्हात लागते. २०२५ पासून तिथे दिवसाला ८,००० क्रूझ-प्रवाशांची मर्यादा घातली आहे. तरी आपल्या तारखेला किती बोटी येणार, हे बंदराच्या वेळापत्रकात पाहून घ्यावे.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा कोरडा, जोरदार वारा वाहतो आणि त्यामुळे होड्या सोडणे रद्द होऊ शकते. मे महिन्यात तो धोका बराच कमी असतो. म्हणजे मे निवडलात हे योग्यच, फक्त समुद्राचे पाणी अजून गार असते. मुले पोहतील, मोठी माणसे घोट्यापर्यंत जाऊन परत येतील.

जुलै २०२५ पासून ग्रीसने क्रूझ-प्रवाशांवर बंदरागणिक शुल्क लावले आहे. जून ते सप्टेंबरमध्ये सँटोरिनी व मिकोनोसला माणशी २० युरो आणि इतर बंदरांना ५ युरो पडतात. एप्रिल, मे व ऑक्टोबरमध्ये हेच आकडे १२ आणि ३ युरो आहेत. तिकिटात हे धरले आहे का, ते विचारा.

व्हिसा: ग्रीस, इटली, माल्टा, स्पेन आणि फ्रान्स हे सर्व शेंगेन या युरोपातील सामाईक व्हिसा-क्षेत्रात येतात, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम समसमान असल्यास जिथे प्रथम प्रवेश होतो तिथे. शुल्क प्रौढांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांखालील मुलांना ४५ युरो आहे, म्हणजे आपल्या मुलाला निम्मे आणि मुलीला पूर्ण. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि मेच्या गर्दीत भेटीची वेळ मिळणे हेच खरे दिव्य आहे, म्हणून डिसेंबरमध्येच कागद जमवायला घ्या. कुशादासी असलेला मार्ग घेतल्यास बोट शेंगेनबाहेर जाऊन पुन्हा आत येते. त्यासाठी अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा, आणि तुर्कस्तानात उतरण्यास भारतीय पारपत्रावर काय लागेल, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

संथ_प्रवासी (नाशिक)

मी थोडा उलटा विचार मांडतो, राग मानू नये. सकाळी आठला उतरायचे, चारला परत यायचे आणि त्याला बेट पाहिले म्हणायचे, हे मला कधी पटले नाही. मुलीला ग्रीक कथा हव्या असतील तर तिला क्नोसोसला सावकाश न्या. बैलाचे डोके असलेल्या मिनोटॉर राक्षसाच्या चक्रव्यूहाची कथा ज्या राजवाड्याशी जोडली जाते, तो क्रीटच्या इराक्लिओ बंदरापासून अवघ्या पाच किलोमीटरवर आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० मध्ये तिथे उत्खनन सुरू केले आणि पुढे काँक्रीट वापरून काही भाग उभेही केले. ते योग्य की अयोग्य, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. १४ वर्षांच्या मुलीशी वाद घालायला याहून चांगला विषय नाही. त्यानंतर शहरातले पुरातत्त्व संग्रहालय पाहावे. मूळ भित्तिचित्रे तिथे आहेत, लिफ्ट आहे, आणि आजी-आजोबांना बसायला जागाही आहे.

बोटीचा अनुभवच हवा असेल तर अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्री सुटून पहाटे क्रीटला पोहोचणारी फेरीबोट आहे. तिच्यात खाटांच्या केबिन आणि उपाहारगृह असते आणि ती धक्क्यालाच लागते. दोन रात्री अशा प्रवासात, चार दिवस क्रीटमध्ये एकाच घरात आणि दोन दिवस अथेन्समध्ये काढले, तर सामानाची बांधाबांध फारशी होत नाही आणि चार वाजता धावत परतावे लागत नाही. घरात स्वयंपाकघर असेल तर आईंना वरणभाताचा कुकरही लावता येईल. त्या बाजूची ‘फावा’, म्हणजे पिवळी डाळ शिजवून घोटलेला पदार्थ, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल, आपल्या घट्ट वरणाची चुलतबहीणच आहे.

पर्वतीपायथा (पुणे)

संथ_प्रवासी यांचा मुद्दा मान्य आहे, पण सहा माणसे, तीन पिढ्या आणि एक गुडघा असताना रोज टॅक्सी, जेवणाची जागा आणि स्वच्छतागृह कोणी शोधायचे? ते काम नेहमी घरातल्या एकाच बाईकडे येते. क्रूझवर माझ्या पत्नीला सात दिवस ‘आज जेवायला काय’ हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि मार्ग निवडताना तिने त्याला फार मोठे वजन दिले होते.

पश्चिमेचा मार्ग घेतल्यास स्पेनच्या मायोर्का बेटावरचे पाल्मा हे बंदर असलेली बोट मिळते का पाहा. तिथून सॉयेर गावाला १९१२ पासून चालणारी लाकडी डब्यांची छोटी गाडी जाते. साधारण तासाभराच्या प्रवासात बोगदे, डोंगर आणि संत्र्याच्या बागा लागतात. माथेरानच्या गाडीवर वाढलेल्यांना ती परकी वाटणार नाही.

देवगडकर_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सर्व प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. होडीतून उतरण्याचा परिच्छेद आला तेव्हा आई हसली. तिच्या लहानपणी मुंबईहून देवगडला कोकण बोटीने जाताना बोट खोल पाण्यातच थांबत असे आणि माणसे, ट्रंका, कोंबड्या सारे पडावातून किनाऱ्याला लागत असे, याची तिने आम्हाला आठवण करून दिली. ‘पडावातून उतरलेली माणसे आम्ही, होडीचे मला काय सांगता? मला भीती आहे ती त्या ५८८ पायऱ्यांची,’ असे तिचे म्हणणे पडले.

तूर्त असे ठरले आहे: इटलीहून निघणारा, सिसिली, माल्टा आणि पाल्मा असलेला मार्ग घ्यायचा, आदल्या दिवशी पोहोचायचे आणि एजंटाकडून प्रत्येक बंदरापुढे ‘धक्का’ की ‘होडी’ हे लिहून घ्यायचे. मुलगी रुसली आहे. मात्र १५२२ मध्ये ऱ्होड्स हातचे गेल्यावर तिथलेच सेंट जॉनचे ख्रिस्ती सरदार १५३० मध्ये माल्टात आले, हे कळल्यापासून ती व्हॅलेटाचा नकाशा घेऊन बसली आहे. क्रीट तिच्या बारावीनंतर, फेरीबोटीने, संथ_प्रवासी यांच्या पद्धतीने.

एक शेवटची शंका आहे. चौघांची एक केबिन आणि आई-वडिलांची शेजारची दुसरी केबिन घेतल्यास मधले दार उघडता येते असे ऐकले आहे. अशा जोडकेबिन खालच्या मजल्यावर, मध्यभागी मिळतात का, की त्यासाठी आणखी लवकर आरक्षण करावे लागते?

पर्वतीपायथा (पुणे)

मिळतात, पण प्रत्येक बोटीवर मोजक्याच असतात आणि युरोपीय कुटुंबे त्या फार आधी घेऊन ठेवतात. केबिनचे क्रमांक निश्चित करूनच पैसे भरावेत. ‘शेजारची’ आणि ‘मधल्या दाराची’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा एजंटाकडून बोटीचा मजल्यांचा आराखडा मागवून ते दार स्वतः पाहून घ्यावे.