कौन्सिल टॅक्सचं रिमाइंडर आलंय, बिल त्याच्या नावावर, उद्या शेवटचा दिवस

शलाका, मंगळवार १४ ऑक्टोबर, सकाळी ७:३८

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, साडेआठला लॅबमध्ये पोचायचंय. कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या घरपट्टीचा, १ तारखेचा हप्ता परत गेला, १९२ पौंड. जॉइंट अकाउंटमध्ये पैसेच नव्हते. काल रिमाइंडर आलं, त्यावर तारीख ८ ऑक्टोबर, सात दिवसांत भरा म्हणतात. म्हणजे उद्या. बिलावर नाव फक्त नवऱ्याचं. काल फोनवर पन्नास मिनिटं थांबले आणि उत्तर काय, तर तुमचं नाव खात्यावर नाही, तुमच्याशी बोलता येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तो १४ सप्टेंबरला घर सोडून गेला. त्याबद्दल कृपया मंडळाच्या या यादीवर काही विचारू नका.

घरात एकच मोठं माणूस असेल तर २५ टक्के सूट मिळते ना? ती मी मागू का? माझ्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' आहे, म्हणजे सरकारी मदत घेता येत नाही. शिवाय आई ऑगस्टअखेर साताऱ्याहून आलीय, जानेवारीत परत जाणार. मग मी एकटी धरली जाते का? ईशा सात वर्षांची आहे.

शलाका

विवेक, मंगळवार, सकाळी ८:०५

शलाका, सूट मागू नकोस. पब्लिक फंड घेतला असं निघालं तर सेटलमेंटच्या, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याच्या, वेळी अडचण येईल. पैसे कमी पडत असतील तर आम्ही आहोत, संकोच करू नकोस. पण सरकारी मदतीच्या कुठल्याही फॉर्मवर सही करू नकोस. आमच्या व्हिसाच्या वेळी एका कागदापायी आम्ही चार महिने जीव मुठीत धरून काढलेत, म्हणून सांगतोय.

सुनंदा, मंगळवार, सकाळी १०:२०

शलाका,

विवेकने काळजीपोटी लिहिलंय, पण ते चुकीचं आहे आणि तू ते ऐकून गप्प बसू नयेस म्हणून लगेच लिहिते. मी एकोणीस वर्षं कौन्सिलच्या वसुली विभागात काढली आहेत. दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय.

'कौन्सिल टॅक्स रिडक्शन' उत्पन्न कमी असणाऱ्यांसाठी असतं. ते पब्लिक फंड आहे, त्याला तू हात लावायचा नाहीस. 'सिंगल पर्सन डिस्काउंट' ही मदत नव्हेच, घरात मोठी माणसं किती यावरून बिलाचा केलेला हिशोब आहे. कमाई कितीही असो, मिळतं. ते पब्लिक फंडात येत नाही. फोनवर आणि फॉर्मवर 'डिस्काउंट' हाच शब्द वापर. 'रिडक्शन' म्हणालीस तर तुला भलताच फॉर्म पाठवतील. हा घोटाळा मी इतक्या वेळा पाहिलाय की सांगता सोय नाही.

आई मोजली जात नाही. त्यांचं कायमचं घर साताऱ्याला, इथे त्या व्हिजिटर व्हिसावर. माणसाचं मुख्य राहतं घर कुठलं ते बघतात. विचारलं तर त्यांचं परतीचं तिकीट दाखव. ईशा अठराच्या आतली, तीही मोजली जात नाही. मात्र उद्या खोली भाड्याने दिलीस तर सूट गेली, आणि ते तू कळवायचं.

आता क्रम. आधी १९२ भर, आजच. बिलावरचा खाते क्रमांक टाकून वेबसाइटवर कार्डाने भरता येतात, कोण भरतंय हे तिथे बघत नाहीत. सूट मिळेपर्यंत थांबू नकोस. रिमाइंडरनंतर सात दिवसांत भरले नाहीत आणि पुढचेही सात दिवस गेले, की हप्त्यांची सवलत जाते आणि वर्षाची सगळी बाकी एकदम मागतात. मग समन्सचा खर्च वर.

पैसे भरले की 'चेंज ऑफ सर्कमस्टान्सेस'चा ऑनलाइन फॉर्म. तो गेल्याची तारीख १४ सप्टेंबर. १४ पर्यंतच्या टॅक्सची जबाबदारी तुम्हा दोघांची, १५ पासून तुझी एकटीची, भाडेकरारावर त्याचं नाव असलं तरीही. त्याचा नवा पत्ता विचारतील. माहीत असेल तर दे, नसेल तर माहीत नाही असं लिही.

वर्षाचं बिल १९२० असावं, दहा हप्ते धरून. १५ सप्टेंबर ते ३१ मार्च १९८ दिवस, त्यांची पाव सूट साधारण २६० पौंड होते. आज १९२ भरलेस की उरलेले तीन हप्ते साधारण १०५ चे होतील.

दुपारी दोननंतर फोन कर, मी घरी आहे.

सुनंदाताई

विवेक, मंगळवार, सकाळी ११:०२

ताई, माझी माहिती अर्धवट होती, मान्य. तरी कौन्सिलकडून लेखी घ्यावं. आणि चाइल्ड बेनिफिट? ते पब्लिक फंडच आहे ना?

सुनंदा, मंगळवार, सकाळी ११:१०

हो, ते पब्लिक फंड आहे. त्याचा फॉर्म भरायचा नाही. इथे विवेकचं बरोबर आहे.

प्राची, मंगळवार, दुपारी १:१५

शलाका, कौन्सिल टॅक्सचं ताईंनी सांगितलंच आहे. मला जॉइंट अकाउंटची जास्त चिंता वाटते. त्यात ओव्हरड्राफ्ट आहे का? असेल तर पैसे कोणीही काढोत, बँक पूर्ण रक्कम तुझ्याकडून मागू शकते. मी हे भोगलंय. सही दोघांपैकी कोणाचीही चालायची. मी बँकेला उशिरा सांगितलं आणि तोपर्यंत १४०० पौंड उणे झाले होते. ते फेडायला मला दीड वर्ष लागलं.

म्हणून आजच: पगार फक्त तुझ्या नावाच्या खात्यात वळव. बँकेला सांग की आम्ही वेगळे झालोय. यापुढे दोघांच्या संमतीशिवाय पैसे निघणार नाहीत अशी सोय ते करतात. मात्र मग तुलाही एकटीला काढता येत नाहीत, म्हणून भाडं, गॅस, ईशाचं आफ्टर स्कूल आधी स्वतःच्या खात्यावर आण. डायरेक्ट डेबिटची यादी ॲपमध्ये दिसते, तिचा स्क्रीनशॉट घे.

आणि ओटीपी! माझ्या वेळी ब्रॉडबँड, वीज, सगळ्यांचे कोड त्याच्या मोबाइलवर जायचे. प्रत्येक वेळी त्याला मेसेज करून सहा आकडे मागायचे. ते मला बिलापेक्षा जड गेलं. लॉगिन दुरुस्त करत बसू नकोस, जमेल तिथे तुझ्या नावाने नवीन खातंच काढ.

जॉइंट अकाउंट बंद झालं की एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन, या तिन्ही क्रेडिट एजन्सींकडे 'डिसअसोसिएशन'चा, म्हणजे त्याच्याशी जोडलेली नोंद तोडण्याचा, अर्ज कर, नाहीतर त्याची उधारी तुझ्या कर्जाच्या वेळी बघितली जाईल.

अशोक, मंगळवार, दुपारी ३:४०

चि. शलाका,

आमच्या वेळी पोल टॅक्स होता, १९९० ते ९३. नवऱ्याला वेगळं बिल, बायकोला वेगळं. लोकांना तो टॅक्स नको होता, पण बिल घरातल्या प्रत्येकाच्या नावावर यायचं एवढं खरं. मग कौन्सिल टॅक्स आला आणि आमच्या घरी पाकिटावर माझंच नाव राहिलं. पाकीट मात्र कुमुदच उघडायची.

ती गेल्यावर मला गॅसचा मीटर कुठे आहे हे माहीत नव्हतं. एकतीस वर्षं त्याच घरात राहून. कपाटात बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा सापडला. प्रत्येक महिन्याचं पाकीट, त्याला रबर, वर तिच्या अक्षरात 'भरलं' आणि तारीख. शेवटच्या पाकिटावर तारीख नव्हती. ते घेऊन मी जिन्यावर बसून होतो, किती वेळ ते आठवत नाही.

तुझं दुःख वेगळं आहे, तुलना करत नाही. पण एक डबा कर. महिन्याचं एक पाकीट, भरलं की वर लिही.

अशोककाका

मंदार, मंगळवार, संध्याकाळी ६:०५

नमस्कार,

वैयक्तिक आर्थिक विषय या यादीवर न आणता मदत गटाकडे पाठवावेत असं एप्रिलच्या सभेत ठरलं होतं. शलाकाला अडवायचं म्हणून नाही, तिची खाजगी माहिती दोनशे घरांत जाते म्हणून लिहितोय. दिवाळी कार्यक्रमाची तिकिटं आज सगळ्यांना मेल झाली आहेत, स्पॅम तपासा.

मंदार, चिटणीस

शलाका, मंगळवार, संध्याकाळी ६:३१

मंदार, मला तिकिटं आलेली नाहीत.

मंदार, मंगळवार, संध्याकाळी ६:४४

कौटुंबिक सभासदत्वाची तिकिटं प्रमुख सभासदाच्या इमेलवर जातात. तुमची तीनही तिकडे गेली. प्रमुख सभासद बदलायला त्यांचीच मेल लागते, मंडळाच्या घटनेत तसं आहे.

सुनंदा, मंगळवार, संध्याकाळी ६:५८

मंदार, ही मुलगी काल पन्नास मिनिटं फोनवर थांबून हेच ऐकून आली. परक्या ऑफिसात ऐकलं ते ऐकलं. आपण तिच्या ईशाला बालवाडीपासून ओळखतो. प्रमुख सभासद हा रकाना आपल्या फॉर्मवर हवाच कशाला? दोन्ही मोठ्या माणसांची नावं आणि दोन्ही इमेल घ्या. सभेत हा विषय मी मांडणार आहे, आत्ताच नोंद करून ठेव.

विवेक, मंगळवार, संध्याकाळी ७:२०

ताईंना अनुमोदन. आमच्याकडे प्रमुख सभासद मी आहे, तर हिला गेली सहा वर्षं एकही मेल आलेली नाही. आज विचारल्यावर कळलं.

मंदार, मंगळवार, रात्री ८:१५

घटना मी एकटा बदलू शकत नाही. पण शलाका, तुझ्या इमेलवर तीन नवीन तिकिटं पाठवली आहेत, तू, आई आणि ईशा. जुनी रद्द केली. विषय सभेच्या पत्रिकेवर घेतलाय.

शलाका, बुधवार १५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

१९२ भरले. पावती आली. फॉर्ममध्ये 'डिस्काउंट'च लिहिलं, ताई. तो गेल्याची तारीख टाकताना हात थांबला, पण टाकली. पगाराचंही सांगितलं, या महिन्यापासून माझ्या खात्यात. ओव्हरड्राफ्ट आहे, ६०० पर्यंत, सध्या ४० उणे. बँकेत उद्या जेवणाच्या सुट्टीत जाते.

आज वीज माझ्या नावावर करायला घेतली. कंपनी म्हणाली आजचं रीडिंग द्या. मीटर जिन्याखाली, त्याच्यापुढे गणपतीच्या मखराचं खोकं, त्यावर त्याच्याच अक्षरात 'नाजूक'. आईने टॉर्च धरला, मी खोकं बाहेर काढलं. मीटरवर दोन आकडे आहेत, एक 'लो' आणि एक 'नॉर्मल'. यातला कुठला द्यायचा?

अशोक, बुधवार, रात्री १०:०४

दोन्ही दे. रात्रीची वीज स्वस्त असलेला मीटर आहे तो. फोटो काढून ठेव, त्यात तारीख दिसू दे. शनिवारी मी येतो, गॅसचाही बघू. खोकं जड असेल तर तोवर बाहेरच राहू दे.