गोलकीपरला धक्का, तरी गोल? एनएचएलने (उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगने) नियम ६९ बदलावा का?

बर्फावरचा_पाहुणा
टोरांटोत येऊन नऊ वर्षं झाली. आइस हॉकीतला ऑफसाइड कळला, आयसिंग कळलं, पण गोलकीपर इंटरफिअरन्स, म्हणजे कीपरला अडवण्याबद्दलचा हा नियम ६९, अजून डोक्यात शिरत नाही. क्रीजमध्ये, म्हणजे नेटसमोरच्या निळ्या रंगवलेल्या जागेत, कीपरची हालचाल अडवली तर गोल रद्द, इथवर ठीक. पण हल्ला करणाऱ्याला बचावपटूनेच ढकललं आणि त्याने कीपरला धक्का टाळायचा 'पुरेसा प्रयत्न' केला, तर गोल मान्य! पुरेसा म्हणजे किती? एका रात्री नुसतं पॅड घासलं तरी गोल जातो, दुसऱ्या रात्री कीपर उताणा पडला तरी गोलचा भोंगा वाजतो. माझं म्हणणं: स्वतःहून निळ्या रंगात शिरलात आणि कीपरला लागलात, की गोल नाही. विषय संपला.

जुना_स्केट
विषय संपवणारा नियम करून झालाय, साहेब. नव्वदच्या दशकात पकच्या (खेळातल्या रबरी चकतीच्या) आधी स्केटचं टोक जरी क्रीजमध्ये असलं तरी गोल रद्द व्हायचा. कीपरपासून हातभर लांब असलात तरी! मग १९९९ची स्टॅन्ली कप फायनल (एनएचएलची अंतिम मालिका), सहावा सामना, तिसरा ओव्हरटाइम. बफेलोचा कीपर हाशेक याच्यासमोर डॅलसच्या ब्रेट हलने गोल मारला, पाय क्रीजमध्ये. पकचा ताबा त्याच्याकडेच होता म्हणून गोल मान्य, कप डॅलसला. बफेलोवाले आजही 'नो गोल' म्हणतात. पुढच्या मोसमात नियम गेला. काटेकोर रेषेनेही भांडण मिटत नाही, एवढंच.

बर्फावरचा_पाहुणा
तो नियम नुसत्या पायावर होता, मी धक्क्याबद्दल बोलतोय.

जुना_स्केट
आणि 'स्वतःहून' कोण ठरवणार? बचावपटूने पाठीत काठी रेटली, तुम्ही आत गेलात. थोडे तुम्ही, थोडा तो. फिरून तिथेच.

कीपरची_आई
माझा लेक अकरा वर्षांचा, कीपर आहे. दोघंही क्रीजमध्येच अडकलात. कोन कमी करायला कीपर पुढे येतो, तेव्हा तो निळ्या रंगाबाहेर असतो. आजच्या नियमात तिथेही मुद्दाम मारलेला धक्का चालत नाही. पाहुण्यांच्या सोप्या नियमात त्या धक्क्याचं काय? डोकं, गुडघे तेच असतात हो. मला नियम सोपा नको, कडक हवा.

मुंबईकर_पण_लीफ्सवाला
दादरच्या नाक्यावर 'अंपायर्स कॉल'वर जेवढी डोकी फुटतात तेवढीच इथे. माझ्या मते शब्द राहू द्या, निकाल देण्याची पद्धत बदला. कोच चॅलेंज, म्हणजे कोचने गोलचा निकाल पुन्हा तपासायला लावणं, २०१५-१६ला आलं तेव्हा रेफरी टॅबलेटवर बघून स्वतः ठरवायचे. मार्च २०१८पासून शेवटचा शब्द टोरांटोतल्या सिच्युएशन रूमचा, म्हणजे लीगच्या व्हिडिओ तपासणी कक्षाचा. एकसारखेपणा यावा म्हणून. आला का? निकालानंतरच्या खुलाशात नियमाचीच वाक्यं परत छापतात. धक्का कुठल्या क्षणी लागला, कीपरला सावरायला वेळ होता का, हे सांगा ना. वर चॅलेंज हुकलं की दोन मिनिटांची पेनल्टी, त्यामुळे रास्त शंका असली तरी कोच गप्प बसतो.

जुना_स्केट
पेनल्टी काढा, मग प्रत्येक गोलनंतर चहा करून या. खुलाशाचं मात्र पटलं.

बर्फावरचा_पाहुणा
@कीपरची_आई, बाहेरच्या धक्क्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. तेवढं मागे घेतो. पण निळ्या रंगातला हट्ट सोडणार नाही. नेट सहा फूट रुंद, क्रीज आठ फूट. एवढी जागा तरी त्या बिचाऱ्याची एकट्याची असू द्या.

जुना_स्केट
मग कीपरला लागून परत आलेला रिबाउंड काय फोनवरून मारायचा?