‘१०० मेगावॉट साठवणक्षमता’ चूक का?

चैत्रपालवी:
दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेलच्या, ग्रिडला (वीजजाळ्याला) जोडलेल्या भल्यामोठ्या बॅटरीवरचा मजकूर मराठीत आणतेय. २०१७ साली सुरू झाली तेव्हा ती १०० मेगावॉट, १२९ मेगावॉट-तास होती. मी ‘१०० मेगावॉट साठवणक्षमता’ लिहिलं. माझे दीर वीज अभियंता आहेत. “वहिनी, साठवण १२९ची, १०० हा नुसता जोर,” म्हणाले. मग १००ला म्हणू काय? ‘क्षमता’ तर दोन्हीकडे चिकटते.

मोटकरी:
दीर बरोबर आहेत, ताई. विहिरीला पाणी किती आणि मोटर किती एचपीची, हे दोन वेगळे प्रश्न. १२९ ही विहीर, १०० ही मोटर. पूर्ण जोरात चालवली तर सव्वा तासात तळ दिसतो. ‘उपसाक्षमता’ लिहा.

काजवा:
शासनाचा शब्द आहे ना, ‘उदंचन’! घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प बघा. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज करायची. तीही साठवणच.

मोटकरी:
पण तिथे पाणी वर चढतं तेव्हा वीज भरली जाते. मी बोलतोय ती काढण्याबद्दल. उलटंच झालं की!

काजवा:
संस्कृतात उदंचन म्हणजे विहिरीतून पाणी काढायचा पोहरा. म्हणजे तुमचा उपसाच.

उंबरठा:
पोहरा कुणाच्या घरात उरलाय आता? असले शब्द कागदावरच राहतात. माझी आजी टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणायची. उतरलेले सेल पत्र्यावर उन्हात ओळीने मांडून ठेवायची, संध्याकाळी परत घालायची, आणि पिवळट का होईना, गोठ्यापुरता उजेड पडायचा. दिवसाचं ऊन रात्रीसाठी ठेवायला आपल्याकडे सुंदर शब्द आहे, बेगमी. ‘वीजबेगमी’ म्हणा.

काजवा:
बेगमी फारसी. बे-गम, म्हणजे निश्चिंती. साठवण हा आपला शब्द असताना ती कशाला?

उंबरठा:
जमीन, कायदा, तारीखही परत करणार का? चारशे वर्षं घरात राहिलेला शब्द परका कसा? साठवण लोणच्याचीही असते. पुढची अडचण ओळखून केलेली ती बेगमी.

रानवाट:
पण नुसती साठवण किंवा बेगमी म्हणून भागत नाही. १४ डिसेंबर २०१७ला ऑस्ट्रेलियातच, व्हिक्टोरियातल्या लॉय यांग वीजकेंद्रात कोळशावर वीज बनवणारा एक संच अचानक बंद पडला. ग्रिडची वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० हर्ट्‌झच्या खाली घसरू लागली आणि हॉर्न्सडेलने क्षणांत वीज ओतली. तिथे किती साठलंय यापेक्षा किती चटकन देता येतं याला मोल होतं. वारा पडला, ढग आले की ग्रिडला तोच हात लागतो. मी ‘सावरणं’ म्हणेन.

चैत्रपालवी:
सावरणं आवडलं. पण १०० मेगावॉटला काय लिहू?

मांडवीकाठ:
बेगमीवरून आठवलं. आम्ही गोव्यात पुरुमेंत म्हणतो, पोर्तुगीज ‘प्रोविमेंतु’वरून. पावसाआधी सुकी मासळी, मिरच्या, सोलां (आमसुलं) घेऊन ठेवायची. आई मडक्यात खारे बांगडे भरायची, त्याचा वास जूनभर घरात. मालवणकडे याला काय म्हणतात?

उंबरठा:
आमच्याकडे आगोटीची बेगमी. आगोट म्हणजे पावसाचं तोंड. यावर वेगळं लिहायला हवं.